बाकाबाई, हत्ती आणि तुझं पुस्तक

नागपूर

प्रिय वसुधा,

तुझं पत्र आलं. मुलांसाठी नागपूरकर भोसल्यांवर लिहायचं तू मनावर घेतलंस, मला फार फार आनंद झाला! चरित्र लिहू की कादंबरी, असं विचारलंयस. मला वाटतं, दोन्ही लिही, पण एकाच माणसावर नको. चरित्र बाकाबाईचं आणि कादंबरी राजवाड्यातल्या एखाद्या माहुताच्या पोराची.

आधी बाकाबाई. आपण लहानपणी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीतून निघणाऱ्या काळ्या मारबतीच्या पुतळ्यामागे “इडा पिडा घेऊन जा गे मारबत” ओरडत धावायचो, आठवतं? ही मारबत म्हणजे इंग्रजांना फितूर झालेली बाकाबाई, एवढं मोठी माणसं सांगायची आणि गोष्ट तिथेच संपायची. यंदा भाच्याला घेऊन गेले होते. त्याने विचारलं, “मावशी, पण तिने केलं काय?”

याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही गं. दुसऱ्या रघूजींची ही विधवा. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकड्यांवर नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले इंग्रजांकडून हरले, पुढच्या वर्षी त्यांची गादी गेली आणि अल्पवयीन तिसरे रघूजी गादीवर आले. त्यांची पालक बाकाबाई, पण खरा कारभार दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, रेसिडेंट जेंकिन्स, याच्या हाती. इथवर वाचलं तर लोकांचा राग समजतो. मग डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, गव्हर्नर जनरल डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केलं, आणि त्या वेळी विरोधाला उभी राहिली ती हीच म्हातारी. पुन्हा १८५७ मध्ये उठावापासून लांब राहा म्हणणारीही हीच. १८५८ मध्ये ती गेली. तिला निर्दोष ठरवायला लिहू नकोस. प्रत्येक वळणावर तिच्या हातात काय उरलं होतं, तिला भीती कुणाची होती, ते मुलांपुढे ठेव. मुलांना एवढी गुंतागुंत झेपत नाही, हे मला मुळीच पटत नाही. घरात भांडण झालं की आजीचं कुठे चुकलं आणि आईचं कुठे, हे पोट्ट्यांना बरोबर कळत असतं.

आप्पासाहेबांनाही एक प्रकरण दे. शाळेच्या पुस्तकात ते लढाई हरतात आणि नाहीसे होतात. खरं तर १८१८ मध्ये अलाहाबादला नेत असताना ते शिपायाच्या वेषात पहाऱ्यातून निसटले, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला राहिले, पुढे कुठे कुठे फिरले आणि १८४० मध्ये जोधपुरात वारले. हरल्यानंतरची ही बावीस वर्षं मुलांना कोण सांगणार? चरित्रकारानेच ना!

आता कादंबरी. खालसा झाल्यावर भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीत लिलावात काढले, जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला गेलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ मी पुढचं पान उलटलं नव्हतं. परीक्षेत ‘खालसा’ हा एका गुणाचा शब्द. पण वसू, जो पोरगा रोज हत्तीला तळ्यावर नेतो, त्याच्या हत्तीवर एका सकाळी बोली लागते तेव्हा काय होतं? घेणारा त्याला कुठे नेणार? बापाला उद्यापासून पगार कोण देणार? डलहौसीचं नाव त्या पोराने ऐकलेलंसुद्धा नसेल. नसूच दे. तीन वर्षांनी काय होणार आहे, त्याचीही चाहूल त्याला लागू देऊ नकोस. तुला ते माहीत आहे, त्याला नाही, आणि वाचणारं मूल त्याच्या बाजूला उभं आहे.

कृपा करून त्याच्या हाती गुप्त खलिता देऊ नकोस. असल्या गोष्टींत शेवटी राजा पोराची पाठ थोपटतो आणि वाचणाऱ्या मुलांना वाटतं, राजाने पाहिलं तरच आपण इतिहासात. त्याला हत्ती वाचवताही येऊ नये. आणि त्याच्या तोंडी आपल्या नागपूरच्या महाल वस्तीतली बोली राहू दे, पुण्याची नको.

शेवटी एक पान हवंच. खरं किती आणि तू रचलेलं किती, ते मुलांना सरळ सांग. मी भाच्याला सांगितलं, तानाजीची घोरपड पोवाड्यात आहे, सभासदाच्या बखरीत मावळे वानरांसारखे कडा चढून जातात. त्याचा हिरमोड होईल असं वाटलं होतं. तो उलट म्हणाला, “म्हणजे हातांनीच चढले?” आणि बखर कुठे मिळते ते विचारत बसला.

सीताबर्डीचा किल्ला २६ जानेवारीला सगळ्यांसाठी उघडतात, तेव्हा ये. टेकडीवर उभं राहून लिलाव कुठे भरवायचा ते ठरवू. पहिलं प्रकरण सोबत आण, वाचायला भाचा तयारच आहे. घरी सगळ्यांना नमस्कार.

तुझीच,
मंदा