बोअर मारण्याआधी आपली विहीर मोजू या

पुणे,
अक्षय तृतीयेनंतरचा रविवार

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

बाबा, मळ्यात बोअर मारण्यासाठी बँकेतील ठेव मोडावी आणि कमी पडेल ती रक्कम आईच्या पाटल्या तारण ठेवून उभी करावी, असा तुमचा विचार परवा फोनवर समजला. फोनवर आकडे धड सांगता येत नाहीत आणि ऐकणाऱ्याला ते लक्षातही राहत नाहीत, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे. बोअरला माझा कायमचा विरोध आहे असे समजू नये. आपल्या विहिरीत पाणी किती मावते, रात्रभरात किती भरते आणि मळ्याला खरोखर किती लागते, हे मोजल्याशिवाय कर्ज करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

विहिरीचा व्यास साधारण १६ फूट, म्हणजे जवळजवळ ५ मीटर आहे. एवढ्या गोल विहिरीत एक मीटर उंचीचे पाणी असले, तर ते सुमारे २०,००० लिटर होते. आता गरज पाहू. उन्हाळ्यात भाजीच्या वाफ्याला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरले, तर एका गुंठ्याला सुमारे ५०० लिटर लागते, आणि तुम्ही नवलकोल, मिरची व कोथिंबीर मिळून दहा गुंठ्यांच्या पुढे जात नाही, म्हणजे रोजची गरज ५,००० लिटरच्या आसपास आहे. संध्याकाळी मोटार बंद केल्यावर पाण्याच्या पातळीवर दोरीला गाठ मारावी आणि सकाळी मोटार लावण्यापूर्वी पुन्हा मोजावे. रात्रीत पाणी अर्धा मीटर जरी चढत असेल, तरी १०,००० लिटर हाती येतात आणि भाजी भागून घरालाही पुरते. पाव मीटरच चढत असेल, तर मात्र ओढाताण आहे हे मी मान्य करीन. हे मोजमाप ऐन उन्हाळ्यात, म्हणजे आताच केले तर खरे कळेल. श्रावणातल्या विहिरीवरून काहीच ठरवता येत नाही.

त्याचबरोबर लांब सळी तळात रुतवून गाळ किती साचला आहे तेही पाहावे. माझ्या आठवणीत तरी ही विहीर कधी पूर्ण उपसलेली नाही. दोन मीटर गाळ निघाला तर ४०,००० लिटरची जागा मोकळी होईल, शिवाय गाळाखाली बुजलेले झरे उघडे पडतील ते वेगळेच. टिळकवाडीतील काँग्रेस विहीर तुम्ही अनेकदा पाहिली आहे. गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात भरलेल्या १९२४ च्या अधिवेशनासाठी ती खोदली होती, आणि पुढे पाणीटंचाई आली तेव्हा शहराने तिचा गाळ काढून ती पुन्हा वापरात आणली. निघालेला गाळ रस्त्याकडेला टाकू नये. तो वरच्या हलक्या तुकड्यात पसरावा.

हे काम करताना बाबा, तुम्ही स्वतः विहिरीत उतरायचे नाही, ही माझी विनवणी नसून अट समजावी. जो उतरेल त्याच्या कमरेला दोर असावा, वर दोन माणसे असावीत, आणि उपशासाठी डिझेलचे इंजिन विहिरीच्या आत मुळीच चालवू नये, कारण त्याचा धूर खाली कोंडून माणसे दगावतात. मजुरी परवडत नसेल तर पैऱ्याचा, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या कामाला जाण्याचा, विचार करावा. आपल्या शिवारात गाळ साचलेली विहीर आपली एकट्याची खासच नसणार. रोहिणी नक्षत्राच्या आधी लोकांना थोडी सवड असते. एकदा धूळवाफ, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत भाताची, पेरणी सुरू झाली की कोणीही फिरकणार नाही.

आता बोअरविषयी. जमिनीतले पाणी शोधून देणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला, हे तुम्ही मोठ्या विश्वासाने सांगितले. त्याचा मान ठेवूनही मला असे वाटते की आपल्या काळ्या पाषाणात पाणी सापडते ते खडकाच्या भेगांमध्ये, आणि भेग लागली तर पाणी, नाही लागली तर धूळ. बँकेच्या नोकरीत मी अशा कर्जांची कागदपत्रे रोज हाताळते. कोरड्या बोअरचा हप्तासुद्धा पाणी लागलेल्या बोअरइतकाच असतो. पाणी लागले तरी शेजारी कोणी आपल्याहून खोल गेला की तीच भेग तिकडे ओढली जाते, आणि आपल्या विहिरीचे झरेही आटू शकतात. १० अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला आपल्या कर्नाटकात विजेचे बिल येत नाही, हे खरे. पण त्यामुळे मोटार बंद करण्याची आठवण राहत नाही, हेही तितकेच खरे आहे.

पावसाचे पाणी तर आपण दर वर्षी घालवून देतो. घर आणि गोठा मिळून कौलांचे क्षेत्र १०० चौरस मीटरच्या आसपास आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते, आणि आपल्याकडे वर्षाला १,००० मिलिमीटरहून अधिक पडतो. म्हणजे गळती-सांडणी वजा जाता ८०,००० लिटर तरी पागोळ्यांतून निघून जाते. पागोळ्यांना पन्हळी लावून ते पाणी खडी, जाड वाळू आणि कोळसा भरलेल्या खड्ड्यातून विहिरीत सोडता येईल. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी बाहेर काढावे, कारण त्यात कौलांवरची घाण असते. गोठ्याचे अंगण मात्र या व्यवस्थेपासून दूर ठेवावे, आणि बळ्ळारी नाल्याचे पाणी शिवारात चढते त्या दिवसांत ते विहिरीत शिरणार नाही एवढा कठडा उंच करून घ्यावा. शहराचे सांडपाणी घेऊन येणारा तो नाला आपल्या विहिरीला उपयोगाचा नाही.

याहून मोठी ठेव आहे ती खालच्या काळ्या जमिनीत, आणि तिच्याकडे आपण गेल्या काही हंगामांत पाठ फिरवली, याचे मला वाईट वाटते. येळ्ळूर, धामणे, वडगावच्या शिवारात भात निघाल्यावर मसूर होते ती पाटाच्या पाण्यावर नव्हे, तर भाताने मागे ठेवलेल्या ओलीवर. तिला बोअर लागत नाही. लागते ती कापणीनंतरची घाई. कापलेल्या भाताच्या वळी उचलायला उशीर झाला आणि वरचा थर भेगाळला, की ती ओल कितीही पैसे मोजून परत आणता येत नाही. मजूर मिळत नाहीत म्हणून तुम्ही शेत पडीक ठेवू लागलात, हे मी समजू शकते. परंतु निदान नाल्यापासून दूर असलेल्या अर्ध्या शेतात या वर्षी मसूर पेरावी. तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतील नत्र जमिनीत धरतात, त्यामुळे पुढच्या भाताच्या खतातही काही बचत होईल. पिंजराची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, सगळी गंजी विकून टाकू नये. जनावरांपुरते ठेवून उरलेल्यातले थोडे भाजीच्या वाफ्यांवर अंथरले, तर पाण्याची एखादी पाळी वाचते.

बियाण्याचेही तेच. घरातले बासमती जपून ठेवले आहे, ते वापरावे. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकावे, तरंगलेले पोचट काढावे आणि तळाचे बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे.

गोबरगॅसची टाकी पुन्हा सुरू करावी असे आई म्हणत होती. आई, तुझा उत्साह मला आवडला, पण रोजच्या एक घनमीटर गॅसला सुमारे २५ किलो शेण लागते, आणि गोठ्यात आता दोनच म्हशी आहेत. टाकी मोठी, शेण थोडे, आणि रोज कालवायला तूच. ते शेण खताच्या खड्ड्यात गेलेले अधिक बरे. जुने आहे म्हणून सगळेच चालू केले पाहिजे असे नाही.

तुझ्या खात्यात जमणाऱ्या सरकारी गृहलक्ष्मी योजनेच्या दरमहा २,००० रुपयांना मात्र बाबांनी या हिशेबात धरू नये. ते तुझ्या औषधांना, भिशीला आणि तुझ्या मनाला येईल त्या खर्चाला असू देत. पाटल्याही घरातच राहू देत. गाळ काढण्याचा आणि पन्हळी लावण्याचा खर्च मी पाठवीन. तो ठेवीला हात न लावता भागण्याजोगा आहे.

दोरीचे आणि सळीचे माप सलग चार सकाळी घेऊन मला कळवावे. एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नये. रोहिणी लागण्यापूर्वी मी दोन दिवसांची रजा काढून येत आहे. पाणी रात्रभरात पाव मीटरही चढत नसेल, तर आपण तिघे बसून बोअरचा विचार पुन्हा करू, आणि तेव्हा पाणाड्याच्या बरोबरीने एखाद्या भूजल जाणकारालाही जागा दाखवू. तोपर्यंत बोअरवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नये.

तुमची,
थोरली