कोळशाची खोली आता पांढरी झाली

रामबाग, इंदूर
कोजागिरीनंतरचा रविवार

प्रिय बंड्या,

आमच्या मागच्या अंगणातली कोळशाची खोली आठवते का तुला? लपाछपीत तू तिथे पोत्यांच्या मागे जाऊन बसला होतास आणि बाहेर आलास तेव्हा नुसते डोळे दिसत होते, आणि आमच्याच बंबाच्या पाण्याने तुला तीनदा घासून काढलं होतं. ती खोली. तिथे बसूनच हे पत्र लिहून राहिलो आहे. समोर सहा बरण्या आहेत, प्रत्येकावर मांजरपाटाचा रुमाल, आणि खोलीत तो आंबूस-गोड वास, जो तुझ्या गॅरेजचा व्हिडिओ बघताना मी नेहमी मनातल्या मनात घ्यायचो.

फोनवर तुला तुकड्यातुकड्यात सांगितलंय पण नीट कधी सांगितलंच नाही, आणि हे सगळं तुझ्यामुळे सुरू झालं म्हणून पहिलं सविस्तर पत्र तुलाच. तू पोर्टलंडला गॅरेजमध्ये बिअर करतोस, तुमच्याकडे अमेरिकेत १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टरने कायद्यावर सही केली आणि घरी बिअर करायला मोकळीक झाली, माणशी वर्षाला १०० गॅलन वगैरे. आपल्याकडे ते नाही. मध्य प्रदेशचा १९१५ चा आबकारी कायदा आहे आणि लायसन्सशिवाय घरी बिअर म्हणजे सरळ गुन्हा, त्यामुळे तो विषय मी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला. पण तुझ्याकडून मी जे शिकलो ते बिअरचं नव्हतंच रे, ते होतं आंबवण्याचं. तापमान सांभाळायचं, आधी घासायचं मग निर्जंतुक करायचं, आणि घाईने झाकण उघडायचं नाही. ते सगळं मी कोम्बुचाला, म्हणजे आंबवलेल्या गोड चहाला लावलं. थंडीत काळी गाजरं आली की कांजीही घालतो, पण जीव आहे तो कोम्बुचात.

दोन वर्षं हे सगळं आईच्या स्वयंपाकघरात चाललं होतं. आता वाटतं तिने किती सोसलं. ओट्याच्या कोपऱ्यात दोन बरण्या, फ्रिजच्या वर बाटल्यांचा क्रेट, आणि शेजारी आंब्यांची पाटी, मग चिलटं येणारच. मागच्या वर्षी जुलैमध्ये पहिल्या झडीत तीन बरण्या गेल्या. वरच्या सायीवर, म्हणजे कोम्बुचावर धरतो त्या जाड थरावर, कोरडे, लोकरीसारखे निळसर-हिरवे गोल ठिपके. खाली तपकिरी धागे लोंबतात ते यीस्टचे असतात, त्यांना घाबरायचं नसतं, पण वर कोरडी लोकर दिसली की ती बुरशी, सगळं फेकायचं, साय पण फेकायची, वरचं काढून खालचं वाचवायचं नाही. तेवीस लिटर मोरीत ओतताना फार वाईट वाटलं होतं. चूक माझीच, विरजण कमी घातलं होतं त्यामुळे सुरुवातीला आंबटपणा कमी पडला आणि बुरशीला फावलं. तेव्हापासून दहाव्या हिश्शाच्या खाली जुनं कोम्बुचा घालतच नाही.

आणि मग मे महिन्यातली ती बाटली. जांभूळ अजून यायचं होतं म्हणून करवंदाचा रस घालून दुसऱ्यांदा आंबवायला ठेवली होती, चौकोनी, दिसायला सुंदर, गिफ्टमध्ये आलेली. दुपारी ४२ डिग्री. आई पलीकडे कणीक मळत होती आणि बाटली फुटली. कोणाला लागलं नाही, देवाची कृपा, पण कणकेच्या परातीत काचा होत्या. आई काही बोलली नाही. परात तशीच उचलून मागे नेली, हात धुतले, आणि म्हणाली, "त्या कोळशाच्या खोलीत ने तुझं हे सगळं. तिला दार आहे."

मला ते इतकं लागलं की त्याच आठवड्यात खोली उघडली. चौकोनी बाटलीत दाब कोपऱ्यात जातो आणि कोपरा फुटतो, हे तू मला आधी सांगितलं होतंस. आता फक्त गोल, जाड काचेच्या, तारेच्या बुचाच्या बाटल्या वापरतो, आणि प्रत्येक घाण्यात एक बाटली प्लॅस्टिकची भरतो. ती दाबून बघायची, दगडासारखी टणक झाली की सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये.

खोली ९ बाय १२ ची. वर कवेलू (कौलं), त्यातले निम्मे फुटलेले, भिंती विटांच्या, कोणीतरी मधे कधीतरी खालच्या तीन फुटांना सिमेंटचं प्लास्टर केलेलं. सगळा लोणा, म्हणजे ओलीबरोबर येणारा खार, तिथेच वर चढला होता. मिस्त्री म्हणाला भिया पूरा सिमेंट मार देते हैं, एकदम पक्का. मी नाही म्हटलं. जुनी भिंत जमिनीतून ओल ओढते आणि चुन्यातून ती बाहेर सुकते, वरून सिमेंट मारलं की ओल आत कोंडते आणि वर सरकते, आणि ओल म्हणजे बुरशी. आपण सिमेंट खरवडून काढलं, तीन आठवडे भिंती उघड्या सुकवल्या, मग चुन्याचं प्लास्टर आणि वरून चुन्याचे चार हात. चुना इतका अल्कली असतो की बुरशीला त्याच्यावर बसायला आवडत नाही. या खोलीला त्याच्याइतका योग्य दुसरा कुठलाही रंग नाही, आणि दुकानदार डिस्टेंपरचा आग्रह करत राहिला तरी मी ऐकलं नाही.

चुना लावायच्या आधी एक गोष्ट झाली. दाराच्या डाव्या हाताला भिंतीवर कोळशाने ओढलेल्या रेघा होत्या, पाच-पाचच्या गठ्ठ्यात. आईचा हिशेब, किती पोती आली त्याचा, कारण कोळसेवाला एखादं पोतं कमी टाकून जायचा. मी म्हटलं हे तेवढं ठेवू या, वर काच लावू. आईने जवळ जाऊन रेघा बोटाने मोजल्या, सगळ्या, आणि म्हणाली, "मार चुना. हिशेब संपलाय."

फरशीवर मात्र माझी आणि मिस्त्रीची खरी बाचाबाची झाली. इंदूरमध्ये विचारायचंच नसतं, कोटा स्टोन. पण कोटा म्हणजे चुनखडीचा दगड, आणि कोम्बुचाचा पीएच ३ च्या आसपास, जिथे सांडेल तिथे तो दगड खाईल. त्याला पटेना. मग मी व्हरांड्यातल्या कोट्यावर अर्धं लिंबू पिळलं, तो विडी ओढेपर्यंत थांबलो, आणि ओल्या फडक्याने पुसलं. रुपयाएवढा पांढुरका, खरखरीत डाग. त्याने नखाने घासून बघितला, परत घासला, आणि मग काही न बोलता टाइल्सवाल्याला फोन लावला. विट्रिफाइड, मॅट, सांध्यांत इपॉक्सी. ओट्यालाही कडप्पा नाही, ग्रॅनाइट.

एवढं झाल्यावर उतार चुकला. कोपऱ्यात नहाणी ट्रॅप बसवलेला, आणि कोबा झाल्यावर मी बादलीभर पाणी ओतून बघितलं, तर पाणी गेलं दाराकडे. त्याचं म्हणणं, पाणी तर वायपरनेच बाहेर काढतात ना. अरे पण इथे रोज पाणी ओतायचंय, बरण्या घासायच्यात, साचलेल्या पाण्याचा एक ओघळसुद्धा नको. कोबा फोडून परत घातला, फुटाला पाव इंच उतार, ट्रॅपकडे. दोन दिवस आणि मजुरी वाढली, पण आता बादली ओतली की पाणी चारी बाजूंनी गोळा होऊन गपकन जातं, आणि मी अजूनही कधीकधी नुसतं बघायला ओततो.

कवेलू तसेच ठेवले. फुटलेल्यांच्या जागी पाडलेल्या एका घराचे जुने आणले. त्यांच्या खाली दोन इंच हवा मोकळी, मग ५० मिलिमीटरचं फोम शीट, सांधे टेपने बंद, आणि खाली पीव्हीसीचं पॅनेल, म्हणजे वरून माती, उंदराच्या लेंड्या, काही पडणार नाही. लाइटचं काम मी स्वतः उभं राहून करून घेतलं, सगळे सॉकेट चार फुटांच्या वर आणि ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच, ओल्या फरशीवर उभं राहून हीटर लावायचा म्हणजे तो पाहिजेच. एक्झॉस्ट फॅन आहे. आंबट वाफेने लोखंड गंजतं, दाराच्या बिजागऱ्या दोन महिन्यांत तांबूस झाल्या होत्या, आता स्टीलच्या आहेत.

खर्च सगळा मिळून ६० हजारांच्या थोडा वर गेला. जास्त वाटेल तुला, पण मला नाही वाटत.

भांड्यांचं सांगतो कारण तिथे मी एक मोठी चूक केली. आजीची चिनी मातीची बरणी आहे ना, लोणच्याची, ती आईने मोठ्या प्रेमाने काढून दिली. जुन्या ग्लेझमध्ये शिसं असू शकतं आणि आंबट पाण्यात ते उतरतं, म्हणून तिला नाही म्हणावं लागलं, ती बरणी आता ओट्यावर चमचे ठेवायला आहे. आणि एवढी काळजी घेणाऱ्या मी काचेची तोटीवाली बरणी घेतली, तोटी चमकत होती म्हणून स्टील समजलो. आतून पितळ निघालं, वरून नुसता मुलामा. आठव्या दिवशी चव घेतली तर जिभेवर नाणं ठेवल्यासारखं. सगळं फेकलं. आता तोटी ३०४ स्टीलची, नाहीतर तोटीच नको.

पाणी नर्मदेचंच. ते पण १९७८ मध्येच इंदूरला आलं बघ, जलूदहून, ७० किलोमीटर, तुझ्या कार्टरच्याच वर्षी. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं म्हणून आदल्या रात्री भरून उघडं ठेवतो आणि मग उकळतो. आठ लिटरला ४५ ग्रॅम चहा, पानाचा, सीटीसी म्हणजे दाणेदार नको, तो फार कडवट उतरतो, ६०० ग्रॅम साखर, आणि एक लिटर जुनं कोम्बुचा. पार गार झाल्यावरच साय टाकायची. बरण्यांना साबण लावत नाही, धुण्याच्या सोड्याने घासून गरम पाण्याने तीनदा, शेवटी व्हिनेगरचा हात. आणि वर मांजरपाटच, मलमल नाही, मलमलीतून चिलट आत जातं, मी भिंगातून जाताना बघितलंय.

तांब्याचा बंब तुला विचारायचा असेल. त्यात काहीही उकळणार नाही, आंबटाला तांबं चालत नाही. पण आई तो भंगारात देऊ देईना. घासूनपुसून दाराबाहेर ठेवलाय, त्यात पाणी भरतो, आणि आत जायच्या आधी त्याच्या तोटीखाली हात धुवायचे. आई स्वतः पण धुते. रोज संध्याकाळी येते, रुमाल उचलत नाही, फक्त काचेला कान लावते आणि म्हणते, बोलतंय. खरंच बुडबुड्यांचा बारीक आवाज येतो रे. दोन वर्षं जिच्या ओट्यावर मी पसारा मांडला ती आता कुठल्या बरणीचा कितवा दिवस ते मला सांगते, आणि पहिल्या पावसात, सगळीकडे कपड्यांना वास येत असताना, सहाच्या सहा बरण्यांवर पांढरीशुभ्र साय आली, एक ठिपका नाही, तेव्हा मी तिला हाक मारली आणि आम्ही दोघं बराच वेळ तिथे उभे होतो.

थंडीची तयारी झाली आहे. इथे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० च्या खाली जातो, म्हणून बरण्यांना गुंडाळायचे हीटिंग बेल्ट घेतलेत आणि तू सांगितलेला तो तापमान राखणारा एसटीसी १००० कंट्रोलर, सेन्सर काचेला बाहेरून चिकटवलाय, २६ वर लावलाय.

उन्हाळ्याचं मात्र सुटत नाहीये, आणि तेच तुला विचारायचंय. काम उरकत आलं तेव्हा जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन बरण्या ठेवून बघितल्या होत्या. छप्पर आता गार राहतं, पण पश्चिमेची भिंत दुपारी तीननंतर तापते आणि रात्री दहापर्यंत आत सोडत राहते. आतलं तापमान ३४ ला गेलं आणि पाचव्या दिवशीच इतकं आंबट झालं की पिता येईना. आतून फोम लावला तर चुना झाकला जाईल आणि ओल परत कोंडेल. बाहेरून बांबूचा ताटवा एक फूट सोडून उभा करावा आणि त्यावर वेल चढवावा असं मनात आहे, मधुमालती किंवा गोकर्ण, पण वेल भिंतीला लागला तर ओल आणेल का? तुझ्या गॅरेजची एक भिंत पण पश्चिमेलाच आहे, तू काय केलंस ते फोटोसकट पाठव. वेल आत्ता लावला तरच मेपर्यंत वर पोचेल.

आईचे आशीर्वाद. वहिनींना आणि पोरांना प्रेम.

तुझा,
पक्या