कॅम्परव्हॅनमधल्या टीव्ही अँटेना आणि डिशबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: 'टीव्ही पॅकेज'मध्ये दिलेला अँटेना निरुपयोगी असणे, डिश चुकीच्या पद्धतीने बसवणे आणि टपाला पडलेली गळती

महोदय,

आपल्या वर्कशॉपमध्ये आम्ही आमची गाडी कॅम्परव्हॅन करून घेतली. पलंग, ओटा, पाण्याची टाकी, सोलर पॅनल ही कामं नीट झाली आहेत. तक्रार फक्त टीव्हीची आहे, पण ती गंभीर आहे. कोटेशनमध्ये 'टीव्ही पॅकेज' म्हणून वेगळी रक्कम लावली होती आणि माहितीपत्रकात छापलं होतं, 'कुठेही थांबा, फ्री चॅनल बघा, महिन्याचा खर्च शून्य.' ते वाचूनच आम्ही पैसे भरले.

पहिल्यांदा आपण टपावर पांढरा, गोल, चपटा अँटेना लावला आणि आत सिग्नल वाढवणारा बारा व्होल्टचा बूस्टर दिला. हा अँटेना जमिनीवरच्या टॉवरचं प्रक्षेपण पकडण्यासाठी असतो. अमेरिकेत घरोघरी आणि गाड्यांवर तो चालतो, कारण तिथे टॉवरवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू आहे. आपल्याकडे सिंहगडावरच्या टॉवरकडे अँटेना फिरवून पुणेकरांनी वर्षानुवर्षं दूरदर्शन पाहिलं, पण तो काळ संपला. सामरिक महत्त्वाची काही केंद्रं वगळून दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने टॉवरवरचं जुन्या पद्धतीचं (ॲनालॉग) प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने बंद केलं, ते काम २०२२ पर्यंत उरकलं. मुंबईसारख्या मोजक्या शहरांत टॉवरवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं होतं, पण त्याला वेगळा ट्यूनर लागतो आणि आपण दिलेल्या टीव्हीत तो नाही. हवेत पकडण्यासारखं काही नसताना बूस्टर वाढवणार काय? शून्याला कितीनेही गुणलं तरी शून्यच. गाड्यांमध्ये टीव्ही बसवणं हा ज्यांचा धंदा आहे, त्यांना हे माहीत असायलाच हवं. तरीही आपण तो अँटेना विकलात.

आम्ही तक्रार केल्यावर आपण टपावर डीडी फ्री डिशची, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत उपग्रह सेवेची, छत्री बसवून दिली. उपाय योग्य होता, कारण फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही आणि सह्याद्री वाहिनी तिच्यावर दिसते. पण बसवण्याची पद्धत साफ चुकली आहे. आपल्या माणसाने छत्री टपाला चार बोल्ट मारून पक्की आवळली, वर्कशॉपच्या अंगणात गाडी उभी होती त्या स्थितीत दिशा जुळवली, सह्याद्रीचं चित्र स्वच्छ आलं, मोबाइलवर फोटो काढला आणि 'काम पूर्ण' म्हणून माझी सही घेतली. गाडी फाटकाबाहेर काढून वळवली की छत्रीचं तोंडही वळणार, हे त्याच्या लक्षात आलं नाही की त्याला कुणी सांगितलंच नाही?

फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतो. पुण्यातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५९ अंश उंचीवर येतो. साठ सेंटिमीटरच्या छत्रीची नजर फार अरुंद असते. दोन-तीन अंश इकडेतिकडे झालं की चित्र तुटतं, आणखी हललं की जातंच. घराच्या गच्चीवर छत्री पक्की बसवतात, कारण घर हलत नाही. गाडी मात्र आज पूर्वेकडे तोंड करून उभी राहते, उद्या उत्तरेकडे, परवा थोड्या उतारावर. अशा गाडीवर न फिरणारी छत्री बसवणं म्हणजे ग्राहकाला सांगणं, की टीव्ही बघायचा असेल तर गाडी आमच्या अंगणात आणून लावा.

भंडारदऱ्याला आमचा मुक्काम जलाशयाकाठी होता. तिथे गाडी एकाच बाजूने लावता येत होती आणि छत्रीचं तोंड नेमकं उलट दिशेला गेलं. मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून वर रस्त्यावर येऊन आपल्या कस्टमर केअरला फोन लावला. उत्तर मिळालं, 'मॅडम, डोंगराळ भाग आहे, सिग्नल येणार नाही.' हे चुकीचं आहे. इतक्या उंचीवरचा उपग्रह झाकायला शंभर मीटरवरचा डोंगर दीडशे मीटरपेक्षाही उंच, अगदी कड्यासारखा उभा लागेल. आमच्या आग्नेयेला मोकळं आकाश होतं. समोरच्याच वाडीत एका कौलारू घरावर फ्री डिशची छत्री होती आणि त्या घरात टीव्ही चालू होता.

मग फोनवरच्या आपल्या माणसाने सेट-टॉप बॉक्सच्या मेनूत सिग्नलच्या पट्ट्या बघायला सांगितलं. 'स्ट्रेंथ' निम्म्याच्या वर होती, तेवढ्यावर तो म्हणाला, 'म्हणजे छत्री बरोबर आहे.' खालची 'क्वालिटी'ची पट्टी शून्यावर होती, तिच्याबद्दल त्याने विचारलंही नाही. एलएनबीला, म्हणजे छत्रीसमोरच्या सिग्नल घेणाऱ्या डबीला, वीज मिळाली की स्ट्रेंथ दिसतेच, छत्री कुठेही वळलेली असो. उपग्रह सापडला की नाही हे क्वालिटी सांगते. गावातला छत्री लावणारा पोरगाही आधी तीच पट्टी बघतो.

मुसळधार पावसात चित्र अडखळतं, आंब्याखाली गाडी लावली तर छत्रीला आकाश दिसत नाही. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण टीव्ही ही आमची चैन नाही. माझ्या सासूबाई आमच्याबरोबर असतात, सातच्या बातम्या त्यांना लागतात. आणि पावसाळ्यात कोणता घाट बंद झाला, कुठे रेड अलर्ट आहे, हे रेंज नसलेल्या ठिकाणी आम्हाला टीव्हीवरूनच कळणार होतं. त्यासाठीच हे पॅकेज घेतलं होतं.

शिवाय केबल आत आणण्यासाठी टपाला पाडलेल्या भोकाला नीट सीलंट लावलेला नाही. पहिल्या जोराच्या सरीतच तिथून पाणी उतरलं आणि पलंगावरच्या कपाटाची प्लाय फुगली. फोटो सोबत जोडले आहेत.

गोल अँटेना आणि बूस्टर परत घेऊन त्यांची पूर्ण रक्कम आम्हाला द्यावी. छत्री आतून फिरवता आणि आडवी करता येईल अशा स्टँडवर बसवावी. ते जमत नसेल तर ती टपावरून काढून जमिनीवर ठेवायचा तीन पायांचा स्टँड, दहा मीटर केबल आणि गाडीच्या बाहेरच्या बाजूला केबल जोडायचा सॉकेट द्यावा. झाडाखाली गाडी लावूनही छत्री उन्हात नेता येते, म्हणून मला हा दुसरा पर्याय जास्त पसंत आहे. टपाची गळती आणि कपाट विनाशुल्क दुरुस्त करावं. आणि माहितीपत्रकातलं ते वाक्य काढून टाकावं. सरकारचं कॅरव्हान पर्यटन धोरण आल्यापासून अशा गाड्या करून घेणारे वाढत आहेत, त्यांनी तरी त्या वाक्यावर पैसे घालवू नयेत.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं. ते न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या मुद्द्यांवर मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. बिल, कोटेशन, माहितीपत्रकाचं पान आणि स्ट्रेंथ-क्वालिटीच्या स्क्रीनचा फोटो यांच्या प्रती सोबत आहेत.

कळावे,
आपली ग्राहक,
सिंहगड रस्ता, पुणे