रोजच्या वापरासाठी विकलेल्या आणि रोज वापरला म्हणून नाकारलेल्या वेल्श किल्टबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी आज दुपारी झालेल्या संभाषणानंतर फोनवर बोलण्यात काही अर्थ उरलेला नाही, म्हणून हे लेखी कळवत आहे. आपले सेवा केंद्र पुण्यात असून तक्रारींचा निर्णय घेणारे वरिष्ठही तिथेच बसतात, असे मला सांगण्यात आले. तेव्हा पत्र मराठीत असल्याने वाचण्यात अडचण येऊ नये. इंग्रजी प्रत आपल्या वेल्समधील कार्डिफ येथील कार्यालयाला स्वतंत्रपणे पाठवली आहे.

मी कार्डिफमध्ये राहतो आणि कचेरीत, बाजारात, बसमध्ये, थोडक्यात इतर पुरुष पँट घालून जिथे जातात तिथे किल्ट घालून जातो, म्हणजे पुढे एकावर एक दोन सपाट पदर, मागे चुण्या आणि कमरेला बांधायचे पट्टे असलेले गुडघ्यापर्यंतचे वस्त्र. आपल्याकडून घेतलेला किल्ट वेल्श नॅशनल टार्टनचा, म्हणजे वेल्सच्या राष्ट्रीय चौकडीचा, वाराला १६ औंस वजनाच्या लोकरी कापडाचा, आठ वार घेराचा आणि माझ्या मापाने शिवलेला आहे, निदान पावतीवर तसे लिहिले आहे. त्याची किंमत ४२० पौंड होती. हा आकडा ठरवताना पुण्यातील सहकाऱ्यांपैकी कोणाचा सल्ला घेतला होता का, हे विचारण्याचा मोह मी आवरतो.

प्रथम उजव्या कमरेवरच्या पट्ट्याची शिवण उसवली. आपण किल्ट दुरुस्तीसाठी मागवून घेतला आणि त्याच जागी मशीनची दुहेरी शिवण मारून परत पाठवला. ती शिवण उत्तम टिकली. तिच्याभोवतीचे कापड फाटले. कँटन भागात कपडे दुरुस्त करणाऱ्या एका अनुभवी बाईंकडे मी तो नेला. त्यांनी कमरेचे अस्तर जेमतेम चार बोटे उसवले आणि आत बोट घालून मला दाखवले, तेव्हा तिथे गुळगुळीत पॉलिएस्टरखाली थेट लोकर होती. पट्ट्यांचा ताण ज्याने पेलायचा तो कॅनव्हास नव्हता. चुण्यांचा आतला जादा भाग कमरेपाशी कापून टाकलेला होता, पण त्या कापलेल्या जागेचा भार घेण्यासाठी आडवी शिवण मारतात ती मारलेलीच नव्हती. याचा परिणाम काय होतो, हे किल्ट विकणाऱ्यांना मी सांगायला नको. चुण्या नितंबांपाशी सैल पडतात, मागचा काठ पुढच्यापेक्षा खाली लोंबतो आणि सगळा भार पट्ट्यांवर येतो. शिवाय चुण्या टार्टनच्या चौकडीशी जुळवून घालण्याचे जादा पैसे आपण घेतले होते. माझ्या किल्टची चौकडी डाव्या बाजूला नीट जुळते, मधोमध येईपर्यंत बिघडते आणि उजवीकडे पोहोचेपर्यंत कारागिराने जुळवण्याचा नाद सोडलेला स्पष्ट दिसतो.

आता आजच्या संभाषणाविषयी. आपला प्रतिनिधी सुरुवातीला इंग्रजीत बोलत होता. माझे आडनाव वाचताच तो मराठीवर आला आणि मी ‘सर’चा ‘काका’ झालो. इथवर माझी हरकत नाही. मी तक्रार सविस्तर सांगितली, ती त्याने ऐकून घेतली आणि मग विचारले, “रोज घालता तुम्ही? म्हणजे, रोज?” मी होकार दिला. “ऑफिसला पण?” मी म्हणालो, ऑफिसलाही. यावर पलीकडे दुसऱ्या कोणाशी तरी दबक्या आवाजात काही बोलणे झाले, आणि एकजण हसल्याचे मला ऐकू आले. नंतर तो म्हणाला, “काही प्रॉब्लेम नाही, काका, पण आमच्या सिस्टीमला हे आयटम फॅन्सी ड्रेसमध्ये आहे. त्याला डेली यूज चालत नाही. तुम्ही सणावाराला, लग्नाबिग्नाला घाला ना.”

मी त्याला आपल्याच संकेतस्थळावरचे या किल्टचे पान उघडायला लावले आणि वर्णनाची पहिली ओळ मोठ्याने वाचायला सांगितली. त्याने वाचली: “दैनंदिन वापरासाठी भक्कम बांधणी.” क्षणभर थांबून तो म्हणाला, “ते मार्केटिंगवाल्यांचं असतं, काका.” मी वरिष्ठांशी बोलण्याची मागणी केली. मला थांबवून ठेवून बराच वेळ संगीत ऐकवण्यात आले, वरिष्ठ काही आले नाहीत, त्यांचा निरोप तेवढा आला: “सिनिअर म्हणतायत, दोन्ही पदरांना मिळून एक मोठी पिन लावून टाका. आणि तरी भीती वाटत असेल तर आतून पँट घालत जा, म्हणजे सुटला तरी टेन्शन नाही.” किल्टची पिन फक्त वरच्या पदराला लावावी, दोन्ही पदरांतून लावल्यास कापड फाटते, ही सूचना आपल्याच माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलेली आहे. पँटविषयी मी काहीही लिहू इच्छित नाही. फोन ठेवताच ‘आमची सेवा कशी वाटली’ असे विचारणारा संदेश आला, त्याचे उत्तर म्हणून हे पत्र समजावे.

त्या मुलावर माझा राग नाही. त्याच्या पडद्यावर जे लिहिलेले होते तेच त्याने वाचले. राग आहे तो ज्यांनी ते लिहून ठेवले त्यांच्यावर. ज्या प्रकारचे वस्त्र नेसून स्कॉटलंडच्या हायलँड पलटणी १९१४ ते १९१८ या काळात खंदकांतल्या चिखलात उभ्या होत्या, ते वस्त्र कार्डिफ बेकडे जाणाऱ्या बसमधली ऊठबस सोसू शकत नसेल, तर दोष ऊठबशीचा नाही.

माहितीपत्रकाचा विषय निघालाच आहे, तर त्यातील “प्राचीन वेल्श योद्ध्यांचा पोशाख” हे वाक्यही काढून टाकावे. वेल्श नॅशनल टार्टनची रचना १९६७ ची आहे. जोन्स, विल्यम्स, इव्हान्स अशा आडनावांचे वेल्श टार्टन तर त्याहूनही अलीकडचे आहेत. वेल्श स्त्रियांच्या ज्या राष्ट्रीय पोशाखाची चित्रे सर्वत्र दिसतात, त्यामागेही ऑगस्टा हॉल या वेल्श संस्कृतीच्या पुरस्कर्त्या बाईंनी १८३४ च्या कार्डिफ आइस्टेडफॉडपासून (वेल्श साहित्य-संगीताचा स्पर्धा-महोत्सव) केलेल्या प्रचाराचा मोठा वाटा आहे. यात कमीपणा कसलाच नाही. वेल्श किल्ट ही विसाव्या शतकातली गोष्ट आहे हे ठाऊक असूनच मी तो घेतला, कारण मला तो अंगावर आवडतो आणि नॅशनल टार्टन नेसायला आडनावाची अट नाही. जो इतिहास नाही तो छापायला आपल्याकडे पैसे आहेत आणि कॅनव्हासचा एक तुकडा घालायला नाहीत, याचे आश्चर्य वाटते.

“मापाने शिवलेली वस्तू परत घेतली जात नाही” हे उत्तर मला प्रत्येक वेळी देण्यात आले आहे. आवडले नाही म्हणून १४ दिवसांत परत करण्याची सवलत मापाने शिवलेल्या कपड्यांना मिळत नाही, हे ब्रिटनच्या २०१३ च्या ग्राहक करार नियमांनुसार बरोबर आहे. ती सवलत मी मागितलेलीच नाही. सदोष वस्तूबाबत कन्झ्युमर राइट्स ॲक्ट २०१५ हा ग्राहक हक्क कायदा लागू होतो, मग ती मापाने शिवलेली असो वा नसो. वस्तू समाधानकारक दर्जाची, सांगितलेल्या कामाला योग्य आणि वर्णनाबरहुकूम असावी लागते, आणि हा किल्ट तिन्ही बाबतींत नापास होतो. दुरुस्तीची संधी आपल्याला मिळाली होती आणि ती दुरुस्ती फसली. किल्ट हाती येऊन सहा महिने झालेले नाहीत, त्यामुळे दोष मुळात होता असेच धरले जाते आणि वापरापोटी रक्कम कापून घेण्याचा अधिकारही आपल्याला नाही. पुढच्या खरेदीवर देऊ केलेली १५ टक्के सूट आपल्यापाशीच ठेवावी. फॅन्सी ड्रेसच्या कपाटात ती शोभून दिसेल.

तरी पत्र मिळाल्यापासून १४ दिवसांच्या आत चुण्या जुळवण्याच्या जादा पैशांसह पूर्ण रक्कम परत करावी आणि किल्ट स्वखर्चाने घेऊन जावा. तसे न झाल्यास, पैसे क्रेडिट कार्डाने भरलेले असल्यामुळे, कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट १९७४ च्या कलम ७५ खाली (ज्यात विक्रेत्याबरोबर कार्ड देणारी बँकही जबाबदार धरली जाते) मी बँकेकडे दावा दाखल करीन, आणि गरज पडल्यास काउंटी कोर्टात स्मॉल क्लेम्सच्या, म्हणजे लहान रकमांच्या दाव्यांच्या मार्गाने येईन. कोर्टात येताना मी किल्टच नेसलेला असेन. अर्थात दुसऱ्या कंपनीचा.

उत्तर लेखी द्यावे. फोन करू नये.

कळावे. पुढे ‘लोभ असावा’ असे लिहिण्याची पद्धत आहे, ती या वेळी पाळत नाही.

आपला,
एक ग्राहक, कार्डिफ

सोबत: पावतीची प्रत, उसवलेल्या कमरेची आणि मागील चुण्यांची छायाचित्रे, आपल्या माहितीपत्रकाचे पिनेविषयीचे पान