दार वाजवणाऱ्या दोघींना

तुमची नावं लिहू नकोस असं तुम्हीच बजावलंत, म्हणून लिहीत नाही. एक आशा सेविका, एक अंगणवाडी सेविका, एवढंच लिहिते.

बाळ जन्मलं तेव्हा २ किलो १०० ग्रॅम. हे कामासाठी परगावी, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. घरी आलो आणि आशाताई, दुसऱ्याच दिवशी तुम्ही दारात. खरं सांगते, मला राग आला होता. सरकारी माणूस घरात डोकावायला आलंय असं वाटलं.

ठरलेल्या भेटी सहा : ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. तुम्ही मधेही येऊन गेलात. झोळीच्या काट्यात बाळाचं वजन, मग ताप, मग घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजणं. ६० किंवा जास्त भरले तर थांबायचं नाही, थेट दवाखाना, हे तुम्ही मला घोकून घेतलंत. चौदाव्या दिवशी ते ६८ भरले. मला तर ते नुसतं झोपलेलं दिसत होतं! रिक्षा तुम्हीच बोलावलीत.

उघड्या छातीशी बाळ कसं धरायचं, अंघोळीची घाई का नको, सगळं शिकवलंत. तुमचं मानधन वेळेवर होत नाही, हे मला नंतर कळलं, तेही दुसऱ्याकडून.

अंगणवाडीताई, तुम्ही मात्र बाळाआधी मला विचारलंत, "तू जेवलीस का?" तेव्हा मी रडले होते. आता पंधराव्या महिन्याची भेटही झाली. बाळ तुमच्या पिशवीतला काटा ओढतं. दोघींचे मनापासून आभार.