बारीक आहेत म्हणजे खूश आहेत असं नाही हो

संपादक महोदय, स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जपानी लोक कसे सडपातळ आणि शिस्तीचे, असा लेख होता आणि बाजूच्या चौकटीत ‘तुम्ही तुमच्या दिसण्यावर खूश आहात का?’ अशी दहा प्रश्नांची चाचणी, मार्क मोजा आणि निकाल बघा टाइप. मी टोकियोत निशिकासाईला राहते, इथे आपल्या लोकांची बरीच वस्ती आहे, म्हणून दोन्हीबद्दल लिहावंसं वाटलं.

बारीक आहेत हे खरंच. पण विशीतल्या साधारण पाचातल्या एका मुलीचा बीएमआय इथे 18.5 च्या खाली, म्हणजे वजन उंचीच्या मानाने कमी आहे, आणि 2025 मध्ये इथल्या लठ्ठपणाचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेलाच बायकांच्या कमी वजनाला आजार म्हणून वेगळं नाव द्या असं म्हणावं लागलं, आता बोला. आणि पुरुषांचं म्हणाल तर 2008 पासून चाळिशीनंतरच्या हेल्थ चेकअपमध्ये टेप लावून कंबर मोजतात, मर्यादा पुरुषांना 85 सेंटिमीटर, बायकांना 90. आमच्या ह्यांची 87 भरली तेव्हापासून घरात भात कमी शिजतो.

आता त्या चाचणीबद्दल. दिसण्याची चिंता मोजायच्या खऱ्या प्रश्नावल्या असतात. बॉडी इमेज कन्सर्न इन्व्हेंटरी नावाची एक अमेरिकेत 2005 मध्ये निघाली, 19 प्रश्न, प्रत्येकाला 1 ते 5 मार्क, म्हणजे बेरीज 19 ते 95. आरशात किती वेळा बघता, एखादा भाग लपवता का, त्यापायी लोकांत जायचं टाळता का, असलं विचारतात. ती जपानीत आणायची म्हणजे नुसतं भाषांतर करून भागत नाही, ते उलट इंग्रजीत करून ताडून बघायचं, मग शेकडो लोकांकडून भरून घ्यायची, मग प्रश्न एकमेकांशी जुळतात का ते बघायचं, थोड्या दिवसांनी त्याच माणसांना परत द्यायची, उत्तरं तशीच येतात का बघायला.

आणि एवढं करूनही गंमत अशी की माणसं वेगळी. इथे ‘लपवता का’ विचारलं तर मास्कचं काय करायचं? परागकणांच्या सीझनला अर्धं शहर मास्कमध्ये, आणि कोरोनानंतर तर ‘काओ पांत्सू’ म्हणजे तोंडाची चड्डी असा शब्दच निघाला, कारण मास्क काढणं म्हणजे चड्डी काढल्यासारखं वाटायला लागलं! मला एकदा इथली ओळखीची बाई म्हणाली, तुझा चेहरा किती लहान आहे, मी दोन दिवस विचार करत होते की हा टोमणा की काय, नंतर कळलं इथे ती मोठी तारीफ आहे. चेहऱ्याच्या साइजची काळजी अमेरिकन प्रश्नावलीत कोण कशाला विचारेल.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काळजीची दिशाच वेगळी असू शकते. जपानी मनोविकारतज्ज्ञ डॉ. शोमा मोरिता यांनी शंभरेक वर्षांपूर्वी इथल्या ज्या लोकभयाच्या, म्हणजे चारचौघांत वावरायची भीती वाटणाऱ्या, पेशंट्सवर काम केलं, त्या भयाचाच एक प्रकार ‘शूबो-क्योफू’, म्हणजे कुरूप दिसण्याची भीती. त्यात बऱ्याचदा ‘मी मला आवडत नाही’ यापेक्षा ‘माझ्या दिसण्याचा समोरच्याला त्रास होतोय’ हे जास्त असतं. 2013 च्या मनोविकारांच्या अमेरिकन निदान-पुस्तकातही, डीएसएम-5 मध्ये, हा शब्द घेतलाय. प्रश्न फक्त ‘तुम्हाला काय वाटतं’ एवढाच असेल तर असा माणूस कमी मार्क घेऊन छान पास होईल. त्यात जपानी माणूस टोकाचं उत्तर द्यायला कचरतो, मधल्या खुणेवर टिक करून मोकळा.

आपल्याकडे तरी काय वेगळं? ‘तब्येत सुधारली हं’ याचा अर्थ जाड झालीस, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही, पण ‘तुम्ही तब्येतीबद्दल समाधानी आहात का’ असं छापलंत तर निम्मे लोक शुगर-बीपीचं उत्तर देतील आणि तुम्ही बेरीज करून सांगणार की यांना न्यूनगंड आहे. माझ्या सोळा वर्षांच्या भाचीने तुमची चाचणी सोडवली, 31 मार्क पडले, ‘तातडीने समुपदेशन घ्या’ असा निकाल, रात्री मला रडत फोन. ते 31 कुठून आले, कोणत्या वयाच्या किती मराठी मुलामुलींवर ती चाचणी तपासली होती, एवढं पुढच्या रविवारी छापाल का? तपासली नसेल तर तसं छापा, मी तिला कात्रण पाठवते.

– एक वाचक, निशिकासाई, टोकियो