चिपवरील थेंबाचे माप मागून घ्यावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रक्ताच्या एका थेंबावर अनेक चाचण्या करणाऱ्या डिजिटल मायक्रोफ्लुइडिक चिपची (विजेच्या साहाय्याने सुटे थेंब हलवणाऱ्या छोट्या पट्टीची) बातमी येते, तेव्हा थेंब किती लहान आणि निकाल किती झटपट हे आवर्जून सांगितले जाते. चिपवरचा प्रत्येक थेंब मागच्या थेंबाएवढाच असतो का, याचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. पुण्यातील एका महाविद्यालयात अशा चिपवर विद्यार्थ्यांसोबत काम करणारी शिक्षिका या नात्याने मला हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

या चिपमध्ये पंप नसतो. दोन काचांमधील अरुंद फटीत द्रव असतो आणि विद्युतरोधक थराखालच्या चौकोनी इलेक्ट्रोडना क्रमाने व्होल्टेज दिले की तो त्यांच्याकडे ओढला जातो. साठ्यातून द्रवाची जीभ बाहेर येते, मधला इलेक्ट्रोड बंद केला की तिची मान बारीक होत जाऊन तुटते आणि थेंब सुटा होतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर तुटलेल्या मानेचे शेपूट कधी थेंबात मिसळते, कधी साठ्याकडे परत जाते. माप बिघडते ते नेमके इथे. २ मिलिमीटर बाजूचा इलेक्ट्रोड आणि ०.१ मिलिमीटर फट धरली, तर थेंब अवघा ०.४ मायक्रोलिटरचा भरतो. फट ५ मायक्रॉनने (०.००५ मिलिमीटरने) चुकली तरी माप ५ टक्क्यांनी बदलते. पण फटीची चूक सर्व थेंबांना सारखी लागू असेल, तर कॅलिब्रेशनने, म्हणजे माहीत असलेल्या मापाशी ताडून, सुधारता येते. मान तुटण्यातील अनियमितता तशी सुधारता येत नाही.

आमच्या चिपवर पाण्याचे थेंब एकसारखे आले, तेव्हा आम्ही समाधानी होतो. सीरम (गोठलेल्या रक्तातून वेगळा होणारा द्रव) घातल्यावर त्यातील प्रथिने चिपच्या आतील जलरोधी लेपाला चिकटू लागली, साठा कमी होत गेला तसा आतला दाबही बदलला आणि शेवटचे थेंब पहिल्या थेंबांशी जुळेनासे झाले. नमुना आणि रसायन यांचे प्रमाण ठरलेले असते अशा चाचणीत ही तफावत थेट निकालात उतरते.

इलेक्ट्रोडवरील कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मोजून थेंब किती भरला हे कळते आणि त्यानुसार व्होल्टेज बदलता येते. ही सोय यंत्रात आहे की नाही, हे घेणाऱ्याने आधीच विचारावे. शिवाय शहरातील महाविद्यालयांनी आणि पॅथॉलॉजी लॅबनी विक्रेत्याकडून लागोपाठच्या थेंबांची सरासरी आणि तिच्यापासूनचे टक्केवारीतील विचलन लेखी घ्यावे. तेही पाण्याचे नव्हे, तर ज्या द्रवाची चाचणी करायची त्याचे, आणि साठा भरलेला असताना व तळाला गेलेला असताना, असे दोन्ही वेळचे.

आपली,
एक वाचक, पाषाण, पुणे